गाडी वळते कशी आणि धक्के खाते कोण?



आपल्या भिवंडीत गाड्यांना तोटा नाही. शाळेच्या पटांगणात उभे राहून कान दिला तर हमरस्त्यावरच्या ट्रकांची घरघर ऐकू येते. माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या बाजूला मोठमोठी गोदामे झाली आहेत. तिथे रात्रंदिवस माल चढतो आणि उतरतो. शिवाय यंत्रमागांचे बीम आणि कापडाचे तागे घेऊन टेम्पो सारखे पळत असतात. इतक्या गाड्या रोज बघतो, पण गाडी वळते कशी, आणि खड्ड्यात धाडकन आदळली तरी तिचा खुळखुळा का होत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? मला थोडे ठाऊक आहे, कारण माझे बाबा टेम्पो चालवतात. उरलेले फाट्यावरच्या मिस्त्रीचाचांनी दाखवले. यातले गणित गुरुजींनी समजावून दिले.

आधी आपली बैलगाडी घेऊ. बैलगाडीला स्टेअरिंग नसते. कासरा ओढला की बैल वळतात, बैल वळले की जू वळते, आणि जू वळले की गाडी वळते. गाडीला चाके दोनच, आणि दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. त्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी फिरते, आणि कोणाचेच काही अडत नाही.

खरी पंचाईत चार चाकांत आहे. मागची दोन चाके सरळच राहणार. मग वळायचे तर पुढची दोन वळवायला हवीत. जुन्या चारचाकी घोडागाड्यांत पुढचा सगळा आसच मधल्या एका खिळ्यावर फिरवत असत. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या अशाच होत्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि नंतर त्या बंद झाल्या. त्यांच्या चित्रात नीट बघा, पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लहान दिसतील. आस फिरला की चाक गाडीच्या खाली शिरते, म्हणून ते लहान ठेवायचे. पण अशी गाडी जोरात वळवली तर कलंडते. कारण आस तिरका झाला की पुढची दोन्ही चाके जवळजवळ एकामागे एक येतात आणि गाडीला टेकू उरतो तो तीन पायांच्या स्टुलासारखा.

म्हणून आताच्या गाड्यांत आस फिरत नाही. आस जागेवरच राहतो आणि त्याच्या दोन टोकांना असलेली चाके आपापल्या खिळ्यावर फिरतात. या खिळ्याला गॅरेजमध्ये किंगपिन म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, झाले की काम. दोन्ही चाके सारखी वळवा आणि चला! पण नाही. इथेच खरी गंमत आहे.

२६ जानेवारीच्या संचलनात आपण चौघाचौघांच्या रांगेने कोपऱ्यावर वळतो. तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरचा जवळजवळ पळतो. हो की नाही? चाकांचेही तसेच आहे. गुरुजींनी आम्हांला पटांगणात एक खुंटी ठोकायला सांगितली. तिला ४ मीटर दोर बांधून एक वर्तुळ काढले, मग साडेपाच मीटर दोराने दुसरे काढले. म्हणजे दीड मीटर अंतरावरची दोन चाके एकाच खुंटीभोवती फिरली असे समजा. टेपने मोजले तर आतले वर्तुळ सुमारे २५ मीटर भरले आणि बाहेरचे साडेचौतीस. साडेनऊ मीटरचा फरक! मग गुरुजी म्हणाले, आता मोठी वर्तुळे काढा. आम्ही ६ मीटर आणि साडेसात मीटरची काढली. मला वाटले फरक वाढेल. पण तो पुन्हा साडेनऊच आला. चाकांमधले अंतर तेच असेल तर वर्तुळ कितीही मोठे काढा, पूर्ण फेरीचा फरक तेवढाच राहतो. विश्वास बसत नसेल त्यांनी मोजून पाहावे, खुंटी अजून तिथेच आहे.

आता विचार करा. आतले चाक लहान वर्तुळावरून जाते, बाहेरचे मोठ्या वर्तुळावरून. लहान वर्तुळाची वाट जास्त वाकडी, म्हणून आतले चाक जास्त वळायला हवे. दोन्ही सारखी वळवली तर एक चाक रस्त्यावर नुसते घासत जाईल आणि टायरची वाट लागेल.

हे खरे का, ते मी आमच्या टेम्पोवर करून पाहिले. बाबांनी टेम्पो अंगणात उभा केला. ताईच्या कंपासपेटीतले कोनमापक घेतले आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला लागून जमिनीवर खडूची रेघ मारली. मग बाबांनी स्टेअरिंग उजवीकडे पार शेवटपर्यंत फिरवले. पुन्हा रेघ मारली. मग डावीकडे शेवटपर्यंत. उजवीकडे वळताना ते चाक ४० अंश वळले आणि डावीकडे वळताना ३२ अंश. चाक तेच! उजवीकडे वळताना ते आतले असते म्हणून जास्त वळते, डावीकडे वळताना बाहेरचे होते म्हणून कमी.

पण चाकाला कसे कळते की आज आपण आतले आहोत? ते कळते दोन तिरक्या हातांमुळे. प्रत्येक चाकाच्या किंगपिनपासून मागे एक लोखंडी हात निघतो. दोन्ही हातांना जोडणारी एक आडवी दांडी असते, तिला टायरॉड म्हणतात. हे हात सरळ मागे गेलेले नसतात, थोडे आत झुकलेले असतात. ते मनाने वाढवत नेले तर मागच्या आसाच्या मध्याजवळ एकमेकांना भेटतील. हात तिरके असल्यामुळे टायरॉड सरकला की एक चाक जास्त वळते आणि दुसरे कमी. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि चार टाचण्या घेऊन हे करता येते. आमचा पुठ्ठ्याचा नमुना या लेखाच्या खाली टांगला आहे. हात लावायला हरकत नाही, पण ओढू नका.

ही युक्ती मोटारीच्याही आधीची आहे. जर्मनीतल्या म्युनिक शहरात लँकेनस्पर्गर नावाचा घोडागाड्या बनवणारा कारागीर होता, त्याने ती काढली. १८१८ साली लंडनमध्ये अ‍ॅकरमन याने तिचे पेटंट घेतले आणि पुढे नाव त्याचेच पडले. अ‍ॅकरमनचा खरा धंदा चित्रे आणि पुस्तके छापून विकण्याचा. मी हे मिस्त्रीचाचांना सांगितले तर ते हसायलाच लागले. त्यांनी इतकी वर्षे टायरॉड काढले आणि बसवले, पण त्यामागे कोणी अ‍ॅकरमन आहे हे त्यांना माहीत नव्हते. “नाम से क्या, हात तिरका पाहिजे,” असे म्हणाले.

आता स्टेअरिंगकडे येऊ. भरलेल्या टेम्पोचे चाक हाताने वळवून बघा, शहाण्णव कुळी पैलवानालाही जमणार नाही. मग बाबा ते दोन हातांनी कसे वळवतात? स्टेअरिंगच्या दांड्याच्या खाली एक बंद पेटी असते. तिच्यात मोठ्या स्क्रूसारखा आटे पाडलेला दांडा असतो आणि त्यावर नट. स्टेअरिंग फिरले की स्क्रू फिरतो आणि नट वरखाली सरकतो. नट सरकला की बाहेरचा एक हात हलतो, तो एका दांडीने चाक ढकलतो, आणि टायरॉड दुसऱ्या चाकाला ओढून नेतो. नट आणि स्क्रू यांच्यामध्ये पुष्कळ पेट्यांत छर्रे भरलेले असतात, म्हणजे घासत नाही, गडगडते.

मी फेरे मोजले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचे स्टेअरिंग बरोबर पाच वेळा फिरते. एक फेरा म्हणजे ३६० अंश, तर पाच फेरे म्हणजे १८०० अंश. तेवढ्यात चाक किती वळले? ४० आणि ३२ मिळून ७२ अंश. १८०० भागिले ७२ बरोबर २५. म्हणजे स्टेअरिंग २५ अंश फिरवावे तेव्हा चाक एक अंश वळते. हात जास्त फिरवावे लागतात, पण त्या बदल्यात जोर जवळजवळ पंचवीस पट मिळतो. थोडा घासण्यात वाया जातो. घट्ट बसलेला नट सुटत नसला की मिस्त्रीचाचा पान्याला लांब पाइप घालतात. हात लांबून फिरतो, पण नट चुपचाप सुटतो. तीच ही गोष्ट. लहान मोटारींत स्क्रूच्या पेटीऐवजी दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारे लहान दातेरी चाक असते. नव्या गाड्यांत तर तेलाचा दाब किंवा विजेची मोटर मदत करते, त्याला पॉवर स्टेअरिंग म्हणतात. बाबा म्हणतात, त्यांच्या मित्राच्या नव्या गाडीचे स्टेअरिंग एका बोटाने फिरते. आमच्या गाडीला पॉवर नाही. बाबांचे दंड पाहिलेत का?

वळण संपले की बाबा स्टेअरिंग सैल सोडतात आणि ते आपोआप सरळ होते. हे मला आधी जादूच वाटायचे. गोदामातली ढकलगाडी पाहिली असेल तर समजेल. तिच्या छोट्या चाकाचा खिळा पुढे असतो आणि चाक जमिनीला थोडे मागे टेकते. गाडी ढकलली की चाक आपोआप खिळ्याच्या मागे येऊन सरळ होते, जसे दावे धरून चालणाऱ्याच्या मागे वासरू. टेम्पोचा किंगपिनही वरच्या बाजूने थोडा मागे कललेला असतो. म्हणून चाक टेकते ती जागा खिळ्याच्या रेषेच्या मागे पडते. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो, हेही यावरून ओळखा.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण आपण सगळे एसटीसाठी फाट्यावर उभे राहतो. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने कोपरा कापून जातात. गाडी जितकी लांब तितका कोपरा जास्त कापला जातो. सायकल ओल्या मातीत वळवून बघा, दोन चाकोऱ्या वेगळ्या दिसतील. सायकलचा फरक थोडासाच असतो, पण मोठा कंटेनर वळला तर त्याची मागची चाके आतल्या बाजूला फार सरकतात. पुढचे चाक आपल्यापासून लांबून गेले म्हणून मागचेही लांबून जाईल असे समजायचे नाही. फाट्यावर पानटपरीच्या बाजूला, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, उभे राहू नये असे बाबा म्हणतात ते यासाठी. तिथला खांब किती वेळा वाकलेला आहे ते पाहा.

हे झाले वळण्याचे. आता धक्क्यांचे.

बैलगाडीला धक्के झेलणारे काही नसते. चाक दगडावर चढले की गाडी चढते आणि माणूसही चढतो. आजोबा गाडीत बसताना खाली भरपूर पेंढा टाकत. तो पेंढा म्हणजेच त्यांची स्प्रिंग! टेम्पोला पेंढ्याऐवजी कमानी असतात. टेम्पोच्या मागे वाकून पाहा, चाकाजवळ वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची एक थप्पी दिसेल. एकेका पट्टीला पाटा म्हणतात. आमच्या टेम्पोला मागे एका बाजूला सात पाटे आहेत. सर्वांत लांब पाट्याला मेन पाटा म्हणतात. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात आणि त्यातून खिळे घालून तो गाडीच्या सांगाड्याला टांगलेला असतो. खालचे पाटे एकापेक्षा एक आखूड. मधोमध एक सेंटर बोल्ट सगळ्यांना एकत्र ठेवतो, आणि इंग्रजी यू अक्षरासारखे बोल्ट कमानीला आसाशी घट्ट आवळतात.

सात पातळ पाटे कशाला, एक जाड का नाही? मीही हेच विचारले. त्यावर मिस्त्रीचाचांनी उत्तर दिले नाही, बांबू आणायला सांगितला. बांबूची जाड फाक गुडघ्यावर वाकवली तर वाकत नाही, आणि जास्त जोर केला तर कडकन मोडते. पण त्याच बांबूच्या पातळ कांबी काढून एकावर एक ठेवल्या तर पुष्कळ वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. आणखी एक फायदा असा की वाकताना पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे उडी लवकर थांबते. मध्यावर भार जास्त म्हणून तिथे सातही पाटे, टोकांकडे कमी म्हणून तिथे एकदोनच. ज्याने हे काढले तो डोकेबाज असला पाहिजे.

कागदाची पट्टी दोन तळहातांमध्ये कमानीसारखी धरा आणि वरून दाबा. हात बाजूला सरकतात ना? कमानही भार पडला की सपाट होते आणि लांब होते. म्हणून तिचे एक टोक पक्के असते आणि दुसरे एका झुलत्या कडीला टांगलेले असते. त्या कडीला शॅकल म्हणतात. दोन्ही टोके पक्की केली असती तर पहिल्याच खड्ड्यात काहीतरी मोडले असते.

पण कमानीचे काम फक्त धक्के खाण्याचे नाही, आणि या लेखात मला मुख्य सांगायचे आहे ते हेच. कमानच आसाला जागेवर धरून ठेवते. आस पुढे जाऊ द्यायचा नाही, मागे जाऊ द्यायचा नाही, तिरका होऊ द्यायचा नाही, हे काम मेन पाट्याचे. गेल्या श्रावणात आम्हांला ते चांगलेच कळले.

बाबा सायझिंगवरून बीम घेऊन निघाले होते. ज्या गाळ्यावर माल भरला तिथे नेहमीपेक्षा दोन बीम जास्त चढवले. बाबा नको म्हणाले, पण तिथले माणूस म्हणाले की न्यायचे तर सगळे न्या, नाहीतर दुसरा टेम्पो बघतो. श्रावणातले खड्डे तुम्हांला माहीतच आहेत. पाणी भरलेले असते, खोली दिसत नाही. फाट्याच्या अलीकडे मागचे डावे चाक एका खड्ड्यात गेले आणि बंदुकीसारखा आवाज झाला. मेन पाटा पुढच्या टोकाजवळ तुटला होता. डाव्या बाजूने आस चार बोटे मागे सरकला. स्टेअरिंग सरळ धरले तरी टेम्पो रस्त्याच्या मध्याकडे जाऊ लागला. समोरून ट्रक येत होता. बाबांनी ब्रेक हळूहळू दाबला, स्टेअरिंग उलट बाजूला धरून ठेवले आणि टेम्पो कसाबसा कडेला घेतला. घरी आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नुसते ओट्यावर बसून राहिले. आईने दोनदा चहा गरम केला.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेले तेव्हा मिस्त्रीचाचांनी मला टेम्पोखाली वाकून सगळे दाखवले. म्हणाले, “बेटी, मागची चाकं पण गाडी वळवतात. पण ड्रायव्हरला विचारून नाय वळवत.” आस तिरका झाला की मागची दोन्ही चाके तिरक्या दिशेने ढकलतात आणि गाडी खेकड्यासारखी आडवी चालू लागते. म्हणजे स्टेअरिंग पुढे चांगले असून उपयोग नाही, मागची कमानही शाबूत पाहिजे. त्यांनी तुटलेल्या पाट्याचे टोक मला दिले. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजलेला काळपट आणि अर्धा चकचकीत आहे. काळपट भाग आधीपासून चिरलेला होता, चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. पाटा एकदम तुटत नाही. आधी बारीक चीर पडते, ती रोजच्या धक्क्यांनी वाढत जाते, आणि एक दिवस उरलेला भाग भार पेलू शकत नाही. ते टोक वर्गातल्या विज्ञान कोपऱ्यात ठेवले आहे.

टेम्पो दोन दिवस उभा राहिला. दोन दिवसांचा धंदा बुडाला आणि पाट्याचे पैसे वेगळे. ज्यांनी जास्त बीम चढवले त्यांनी त्यातले काही दिले नाही.

किती भार न्यायचा हे सरकारने ठरवलेले असते आणि गाडीच्या कागदांवर लिहिलेले असते. दोन आसांच्या सहा चाकी ट्रकला पूर्वी गाडीच्या वजनासकट १६.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती १८.५ टन केली. त्यातले ७ टन पुढच्या आसावर आणि ११.५ टन मागच्या. लहान टेम्पोला अर्थातच खूप कमी. पण काटा जवळ नसला तर वजन कसे कळणार? बाबा आता माल चढताना मागे उभे राहून कमानीकडे बघतात. रिकाम्या टेम्पोची कमान धनुष्यासारखी वाकलेली असते. भार वाढेल तशी ती सपाट होत जाते. अगदी सपाट व्हायच्या आधीच बाबा हात वर करतात आणि म्हणतात, बस्स. सपाट झालेल्या कमानीला खड्ड्यात आणखी वाकायला जागा उरत नाही, मग आस वर येऊन सांगाड्याखालच्या रबरावर आपटतो. असे बस्स म्हटल्यामुळे दोन फेऱ्या दुसऱ्या टेम्पोला गेल्या. आई म्हणाली, गेल्या तर गेल्या.

सगळ्या गाड्यांना पाटे नसतात. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवते का? कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली. तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या आणि मागे पाटे. गुंडाळीची स्प्रिंग म्हणजे बॉलपेनातल्यासारखी, पण जाडजूड. ती मऊ असते, पण चाकाला जागेवर धरू शकत नाही, सगळीकडे वाकते. म्हणून तिच्याबरोबर चाक धरायला वेगळे लोखंडी हात लावावे लागतात. शिवनेरी बसला तर हवेने फुगवलेल्या रबरी पिशव्या असतात. आणि टायरमधली हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचे टायर केले. त्याआधी सायकलस्वारांची हाडे खिळखिळी होत असणार.

आता शेवटचा भाग, शॉकअप. खरे नाव शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पण तसे म्हटले तर गॅरेजमध्ये कोणी वळूनही बघणार नाही. नुसती स्प्रिंग असेल तर एका खड्ड्यानंतर गाडी डुगडुग डुगडुग करत राहील. बॉलपेनची स्प्रिंग दाबून सोडा, कशी थरथरते! गाडीचे चाक असे थरथरू लागले तर ते मधूनमधून रस्त्यावरून उचलले जाते. उचललेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग आणि स्टेअरिंग फिरवून काय उपयोग? चाक हवेत असेल तर ते कुठेही वळवा, गाडी आपली सरळच जाणार. म्हणून डुगडुग लवकर थांबायला हवी.

शॉकअप म्हणजे तेल भरलेली नळी. आत एक दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके. चाक वरखाली झाले की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला त्या भोकांतून जावे लागते. औषधाच्या दुकानातून नवी, सुई नसलेली सिरिंज आणा. पाणी भरा. हळू दाबली तर पाणी सहज निघते. जोरात दाबायला गेलात तर अंगठा दुखेल, जाम अडते. शॉकअपचे तेच. हळू हलणाऱ्याला तो अडवत नाही, जोरात उडणाऱ्याला अडवतो. उडीचा जोर तेल तापवण्यात खर्च होतो. खराब रस्त्यावरून आल्यावर आमच्या टेम्पोचा शॉकअप हाताला गरम लागतो, मी लावून पाहिला आहे.

एसटीत मागच्या बाकावर बसले की माणूस टणाटण उडतो, हा सगळ्यांचा अनुभव आहे. त्याचे कारणही यातच आहे. मधल्या बाकाच्या पुढे एक आस आणि मागे एक आस. मागचे चाक उचलले गेले तरी मधला बाक निम्माच उचलला जातो. पण मागचा बाक मागच्या आसाच्याही मागे असतो. सीसॉच्या टोकावर बसल्यासारखे, चाक जेवढे उडेल त्यापेक्षा तो जास्त उडतो. उलटी होत असेल त्यांनी मधे बसावे. उडायला आवडत असेल त्यांनी मागे बसावे, फक्त डबा मांडीवर घट्ट धरावा.

शॉकअप चांगला आहे की नाही हे आपल्यालाही बघता येते. गाडी उभी असताना एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचे आणि एकदम सोडायचे. वर येऊन लगेच थांबली तर शॉकअप ठीक. दोनतीन वेळा डुलली तर आतले तेल गळाले. नळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली तरी तेच समजायचे. मी आणि ताईने मिळून आमच्या टेम्पोचे चारही कोपरे दाबले. तीन लगेच थांबतात. मागचा उजवा तीनदा डुलतो. मिस्त्रीचाचांनी दिवाळीनंतर तो बदलायचे ठरवले आहे. तोपर्यंत बाबा पडघ्याकडून रिकामे येतानासुद्धा टेम्पो हळूच आणतात.

मागच्या आसाच्या पोटात एक दातेरी चाकांची पेटी असते. तिच्यामुळे इंजिन एकच असून वळताना मागचे बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरू शकते. मिस्त्रीचाचा एक जुनी पेटी उघडून दाखवणार आहेत. ते पुढच्या अंकात लिहीन.

— इयत्ता ४ थी